ताटं पुरली, अंथरुणं नाही पुरली

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे नागपुरात नाल्याकाठच्या एका वस्तीत स्वयंसेवक आहेत. पाणी शिरलं की जवळची शाळा निवारा म्हणून उघडते. मागच्या वेळी नऊ वर्गखोल्यांत २८० माणसं होती. जेवण उरलं, ब्लँकेटं उरली, जुन्या कपड्यांचा ढीग लागला. तरी पहिल्याच रात्री भांडणं झाली आणि दुसऱ्या दिवशी निम्मी माणसं चिखलाने भरलेल्या घरांत परत गेली. ‘एवढं करूनही लोक थांबले का नाहीत? आमचं चुकलं कुठे?’

चुकलं ते मोजण्यात. २८० हा आकडा कुठून आला हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण तो दुपारच्या जेवणाचा असणार यावर मी पैज लावायला तयार आहे. पंचवीसेक वर्षं पूरग्रस्तांच्या छावण्यांमध्ये पाणी, संडास आणि राहण्याची सोय हेच माझं काम आहे, आणि बहुतेक छावण्यांचा पहिला आकडा ताटांवरून आलेला मी पाहिला आहे. ताटं मोजायला सोपी असतात. पण दुपारच्या पंगतीत न बुडालेल्या शेजारच्या गल्लीतली पोरं असतात, कार्यकर्ते असतात, मदत घेऊन आलेले आणि फोटोपुरते थांबलेले असतात. नसतो तो सकाळी ठिय्यावर, म्हणजे रोजंदारीच्या नाक्यावर, गेलेला मजूर. तो रात्री आठला येतो, त्याला ताट नको असतं, पाठ टेकायला जागा हवी असते. म्हणून एकाच छावणीत एकाच दिवशी भात उरतो आणि जागा कमी पडते. तुमच्याकडे नेमकं हेच झालं.

मी रात्री साडेअकराला मोजते. खोलीच्या दारात उभं राहून, झोपलेली माणसं, लहान मुलं धरून. चपलांचे जोड मोजू नका, पुरात कितीतरी लोक अनवाणी येतात. पुन्हा पहाटे पाचला मोजते. या दोन आकड्यांत फरक पडला तर रात्री कोणीतरी उठून गेलेलं आहे, आणि ते का गेलं हे शोधलं की छावणीत काय कमी आहे ते आपोआप कळतं. लोक तोंडाने तक्रार करत नाहीत. उपकाराच्या भाकरीला नावं कशी ठेवायची, असं त्यांना वाटतं. ते फक्त निघून जातात.

आता तुमच्या नऊ खोल्या घेऊ. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये मदत छावण्यांसाठी किमान निकष ठरवून दिले. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम १२ खाली ते येतात, म्हणजे ही कुणाची मेहरबानी नाही. त्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा सांगितली आहे. जगभर मदतकार्यात वापरली जाणारी ‘स्फिअर’ मानकंही हाच आकडा देतात, आणि स्वयंपाकाची, आंघोळीची जागा त्यात धरत नाहीत. शाळेची खोली २० बाय २४ फुटांची धरली तर साधारण ४४ चौरस मीटर होते. म्हणजे एका खोलीत बारा माणसं, फार तर तेरा. नऊ खोल्यांत ११०च्या आसपास. तुमच्याकडे २८० होती, म्हणजे माणशी सुमारे १५ चौरस फूट. आपल्याकडची साधी खाट सहा बाय तीनची, १८ चौरस फुटांची असते. तुम्ही प्रत्येक माणसाला खाटेपेक्षा कमी जागा दिलीत, तीही बाकं खोलीतच असताना. भांडणं झाली नसती तर मला नवल वाटलं असतं.

आकडा दुपारचा होता तर रात्री माणसं कमीही असतील, असं तुम्ही म्हणाल. असतील. पण १५० धरली तरी खोल्या भरूनच वाहत होत्या, आणि नेमकी किती होती हे आज कोणालाच सांगता येत नाही.

व्हरांडा या हिशेबात धरू नका. कागदावर तो फार उपयोगाचा दिसतो आणि तरणी पोरं आपणहून तिथे झोपतातही. पण आपला सप्टेंबरचा पाऊस आडवा येतो, मध्यरात्री सगळा व्हरांडा ओल्या सतरंज्यांसह आत घुसतो आणि आधीच दाटलेल्या खोलीत आणखी वीस माणसं उभी राहतात.

यावर इलाज म्हणून दुसरी इमारत आधीच ठरवून ठेवायची. समाजमंदिर, मंगल कार्यालय, बुद्धविहार, जे असेल ते. पहिली जागा ११०वर भरली की दार लावायचं आणि पुढच्या माणसाला थेट दुसरीकडे न्यायचं. एकदा माणसाने कोपरा धरला, गाठोडं उशाला घेतलं, की त्याला हलवता येत नाही, हलवूही नये. आधीच एकदा पाण्याने हलवलेलं असतं त्याला.

खोल्या कशा वाटायच्या, यात मी स्वतः चूक करून शिकले. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगा आणि कन्हान दोन्ही फुगल्या होत्या, आपल्या जिल्ह्यात मौदा, कामठी, पारशिवनी, कुहीकडची गावं पाण्यात होती. अशाच एका गावच्या शाळेत मी पुस्तकी शिस्तीने पुरुष एका बाजूला आणि बायका एका बाजूला केल्या. मनात सुरक्षेचाच विचार होता. रात्री एकच्या सुमाराला एक म्हातारी व्हरांड्यात भिंतीला धरून उभी. काय झालं विचारलं तर म्हणाली, "माह्या बुढ्याले रात्री दिसत नाई बाई. त्याले बाहेर कोन नेईन?" चाळीस पुरुषांच्या खोलीत तिचा नवरा कुठे निजला आहे हेही तिला ठाऊक नव्हतं, आणि आत जायची तिची हिंमत होत नव्हती. सकाळपर्यंत मी सगळं मोडून गल्लीनिहाय खोल्या केल्या. कुटुंबं एकत्र, शेजारी शेजाऱ्यांजवळ. त्याखेरीज एक खोली अशा बायकांसाठी, ज्यांच्यासोबत घरचं कोणी नाही किंवा ज्यांना तिथेच बरं वाटतं. जबरदस्ती नाही. आडोशाला दोरी आणि साड्या. नव्या महागड्या पडद्यांपेक्षा साडी बरी, ती हवा अडवत नाही.

गल्लीनिहाय वाटणी केली की जातीनिहायही होते, हे लपवून उपयोग नाही. आपल्या वस्त्याच तशा आहेत. निजायला कोणाशेजारी, हे मी लोकांवर सोडते. पाण्याची टाकी, संडास आणि वाढपाची रांग मात्र सगळ्यांची एकच. तिथे कोणी वेगळा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, भरून ठेवला तर मी तो त्याच टाकीत ओतते. एकदा यावरून मला चांगल्याच शिव्या पडल्या आहेत.

आता संडास. खरं तर उत्तराची सुरुवात इथूनच करायला हवी होती.

२०१६ च्या निकषांत ३० माणसांमागे एक संडास आहे. ‘स्फिअर’ पहिल्या धावपळीत ५० मागे एक चालवून घेतं आणि पुढे २० मागे एक मागतं. शिवाय पुरुषांच्या एकामागे बायकांचे तीन असावेत असंही सांगतं. तुमच्या २८० ना किमान दहा लागत होते. शाळेत किती होते? माझा अनुभव सांगते: चार असतात, त्यातल्या दोनांना ‘स्टाफ’ असं लिहून कुलूप असतं. उरलेल्या दोनांपैकी एकाला आतून कडी नसते.

एक रात्र डोळ्यासमोर आणा. लाइट गेलेली. संडास शाळेच्या मागच्या भिंतीला, मध्ये गुडघ्याएवढं गवत आणि पुराने आणलेला चिखल. विंचू-साप पुरात उंचवटा शोधत येतात आणि उंचवटा म्हणजे ही शाळाच. दाराला कडी नाही, म्हणून एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेर दार ओढून धरायचं. बादली एकच, ती कोणीतरी पाणी भरायला नेलेली. अशा ठिकाणी रात्री जावं लागू नये म्हणून बायका काय करतात? संध्याकाळी पाचनंतर पाणीच पीत नाहीत. तिसऱ्या दिवशी आरोग्य शिबिरात लघवीच्या जळजळीच्या तक्रारी रांगेने येतात, डॉक्टर गोळ्या लिहून देतात, आणि कागदावर ‘उपचार केले’ अशी नोंद होते. खरा उपचार म्हणजे एक कडी, एक बॅटरीवरचा दिवा आणि प्रत्येक संडासात आपापली बादली-टमरेल. माझ्या पिशवीत पावसाळाभर सहा कड्या, स्क्रू आणि पेचकस असतो. तहसीलमध्ये यावरून माझी थट्टा होते, होऊ दे.

कडीपाठोपाठ वाळवणाची दोरी. पाळीचं कापड धुवून वाळवायला आडोशाची, ऊन किंवा निदान वारा येणारी जागा लागते. पॅड वाटले तरी लागते, कारण सगळ्या जणी पॅड वापरत नाहीत, आणि वापरलेलं पॅड टाकायला झाकणाचा डबा नसला की ते संडासात जातं आणि दुसऱ्या दिवशी दहातले दोन संडास तुंबतात. पूर असताना जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, सेप्टिक टँक आधीच गळ्याशी आलेला असतो, त्यामुळे तुंबलेला संडास उलटा येतो. म्हणून महापालिकेच्या झोन ऑफिसला पहिला फोन जेवणासाठी न करता फिरत्या शौचालयासाठी करा. जेवण नागपुरात कोणीही देतं. गुरुद्वारा देतो, मंडळं देतात, लग्नाचे केटरर देतात. संडास कोणी दान करत नाही.

पाण्याचं थोडक्यात. वापरायला माणशी दिवसाला १५ लिटर आणि प्यायला ३ लिटर. २८० माणसांना पाच हजार लिटरच्या थोडं वर, म्हणजे रोज एक टँकर. शाळेवर हजार-हजार लिटरच्या दोन टाक्या असतील तर त्या दिवसातून तीनदा भराव्या लागणार, आणि वीज नसली की मोटर बंद. टँकरचं पाणी आलं की टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाका, हजार लिटरला पाच ग्रॅम. आधी बादलीत कालवून वरचं पाणी ओतायचं, अर्धा तास थांबायचं, मग आशाताईंकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं आहे का याची तपासणी, करून घ्यायची. पाणी गढूळ असेल तर आधी ते निवळू द्या. गढूळ पाण्यात पावडर वाया जाते.

आजारपणात सगळे साथींना घाबरतात आणि ते बरोबरच आहे. दाटीवाटीत सगळ्यात धोक्याचा गोवर, म्हणून लहान मुलांच्या लसीची कार्डं पहिल्याच दिवशी तपासून घ्यावीत. पण आपल्या विदर्भात एक गोष्ट हमखास नजरेआड होते, ती म्हणजे सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात नाल्याकाठच्या वस्त्यांत सिकलसेलची मुलं असतातच. अंगावर ओले कपडे, गार फरशी, पोटात पाणी कमी आणि रात्रभर जाग, एवढं झालं की अशा मुलाचे सांधे आणि हाडं असह्य दुखू लागतात. आजूबाजूचे म्हणतात, ‘पोरगं रडून रायलं, थंडी लागली असन.’ मागे एका निवाऱ्यात असं बारा-तेरा वर्षांचं मूल रात्रभर कण्हत होतं आणि शेजारच्यांची झोपमोड होते म्हणून त्याला आईसकट व्हरांड्यात काढलं होतं. नेमकं उलट करायला हवं होतं. कोरडं अंथरूण, ऊब, भरपूर पाणी, आणि ताप किंवा छातीत दुखणं असेल तर वेळ न घालवता १०८ ला फोन करून मेडिकल नाहीतर मेयो, म्हणजे नागपुरातली सरकारी रुग्णालयं. म्हणून नाव लिहून घेतानाच विचारायचं: घरात सिकलसेल कोणाला? टीबीची गोळी कोणाची सुरू? शुगर, बीपी, फिट? डायलिसिसला कोण जातं? बाळंतपण जवळ आलेलं कोण? गोळ्या पाण्यात गेल्या का? हा प्रश्न सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलात तर उत्तर मिळणार नाही. टीबीचं तर नाहीच नाही.

आणि बाळांसाठी आलेली दुधाची भुकटी, बाटल्या परत पाठवा. अनाथाश्रम सोडले तर अशी फुकट वाटणी १९९२ च्या कायद्यातही बसत नाही, आणि पुराच्या पाण्यात धुतलेली बाटली म्हणजे जुलाबाला आमंत्रण. आईला बसायला आडोसा आणि दोन वेळचं पोटभर जेवण द्या, बाळाचं ती बघते.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. निम्मी माणसं परत का गेली? दाटी हे कारण होतंच, पण ते एकटंच नाही. दुसरं मोठं कारण मला बहुधा ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी म्हणालं असणार: "तलाठी येऊन रायला. घरी कोणी दिसलं नाई तर नाव कटन." संपलं. त्या एका वाक्यापुढे तुमचा मसालेभात आणि ब्लँकेटं काही कामाची नाहीत. ज्याची फ्रिज, कूलर, मुलांची पुस्तकं आणि वर्षभराचे गहू पाण्यात गेले, त्याला पंचनाम्याच्या कागदाशिवाय दुसरा आधार दिसत नसतो. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली, लोक अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले. मग घरांसाठी दहा हजारांची तातडीची मदत जाहीर झाली, आणि त्यानंतर लोकांचं सगळं लक्ष एकाच गोष्टीत अडकलं: आपल्या घरी पंचनाम्याला कधी येणार. कोणी नीट सांगत नव्हतं म्हणून माणसं चिखलात खुर्ची टाकून बसून राहिली. तान्ह्या मुलांसकट.

इथे गरज होती माहितीची, आणि ती पुरवायला पैसा लागत नव्हता. वर्गात फळा आहे, खडू आहे. तलाठी किंवा झोनच्या माणसाला विचारून फळ्यावर लिहायचं: आज कोणत्या गल्लीचा पंचनामा, उद्या कोणत्या, घरटी एकाने किती वाजता हजर राहायचं. ते नक्की नसेल तर ‘आज पंचनामा नाही’ एवढं लिहिलं तरी शंभर माणसं निवांत बसतात. जमलं तर तलाठ्यालाच अर्धा तास शाळेत आणा, सगळ्यांदेखत बोलू द्या. एका छावणीत आम्ही हे केलं तर तलाठीभाऊ स्वतःच म्हणाले की त्यांचंही काम सोपं झालं, एकाच जागी सगळी नावं मिळाली.

भाडेकरूंकडे वेगळं लक्ष द्या. घर मालकाचं, बुडालेलं सामान भाडेकरूचं, करारनामा नाही, लाइट बिल मालकाच्या नावाने. मालक दुसऱ्या एरियात कोरडा. पंचनाम्यात राहणाऱ्याचं नाव आणि त्याचं सामान लिहून घ्यायला पंचांसमोर आग्रह धरा, शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. नंतर हे दुरुस्त करायला वर्ष जातं आणि बहुतेक होतच नाही. कागद भिजले असतील तर चोळू नका, एकेक पान सुटं करून दोरीला चिमट्याने लावा आणि वाळल्यावर मोबाइलवर फोटो काढून घ्या. एका खोलीत मी सलग तीन दोऱ्यांवर रेशनकार्डं, पासबुकं, एका मुलीची दहावीची मार्कशीट आणि कोणाच्या तरी लग्नाचा फोटो लटकलेला पाहिला आहे. त्या खोलीतलं कोणी घरी पळालं नव्हतं.

परत जायचं तिसरं कारण शेळ्या आणि चोऱ्या. शेळीला शाळेत घेत नाहीत आणि शेळी सोडून बाई येत नाही. मैदानाच्या कोपऱ्यात ताडपत्री टाकून जनावरांची जागा करा, संडास आणि पाण्यापासून लांब. घरांवर नजर ठेवायला वस्तीतल्याच पोरांची पाळी लावा, पोलिसांना सांगून.

चौथं, सकाळच्या नाश्त्याची वेळ. तुमचा तर्री पोहा साडेनऊला आला असणार. ठिय्यावरचा माणूस त्याच्या कितीतरी आधी निघून गेलेला असतो. तो उपाशी गेला, संध्याकाळी आला तर त्याच्या जागेवर दुसरंच कोणी पसरलेलं. भांडण तिथून पेटतं. प्रत्येक खोलीच्या दारावर कागद चिकटवून कुटुंबाचं नाव, माणसं किती, जागा कोणती भिंत, एवढं लिहा. बाहेर गेलेल्याची जागा बाहेर गेल्यावरही त्याचीच.

जेवणापेक्षा माहितीची गरज मोठी असते, हे २०२० च्या टाळेबंदीतही मला दिसलं होतं. नागपूर देशाच्या मधोमध, श्रीनगर–कन्याकुमारी आणि सुरत–कोलकाता असे दोन्ही मोठे रस्ते इथून जातात, त्यामुळे मार्चअखेरीपासून हैदराबादकडून, मुंबई-पुण्याकडून पायी निघालेले मजूर इथे येऊन अडकले. शाळा आणि सभागृहं भरली. आम्ही वाढत होतो आणि ते एकच विचारत होते, ‘गाडी कब चलेगी?’ १ मे २०२० ला श्रमिक गाड्या सुरू होईपर्यंत आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या महिन्यात त्यांना दुसऱ्या ताटापेक्षा मोबाइल चार्ज करायची एक पट्टी जास्त हवी होती. दोनशे माणसांत तीन सॉकेट होते आणि मारामारी त्यावरून व्हायची.

पुराने, दंगलीने किंवा प्रकल्पाने घर सोडावं लागलेल्या माणसांना कागदोपत्री ‘अंतर्गत विस्थापित’ म्हणतात, म्हणजे घर सुटलं पण देशाची सीमा ओलांडली नाही. १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांच्याविषयी मार्गदर्शक तत्त्वं मांडली. निवारा, पाणी, अन्न, औषध आणि बायकांचा सहभाग हे सगळं त्यात आहे. भारतात त्यांच्यासाठी वेगळा कायदा नाही. म्हणून आपल्याकडे माणसाला काय मिळणार हे त्याच्यावर कोणता शिक्का बसतो यावर ठरतं: पूरग्रस्त, प्रकल्पग्रस्त, दंगलग्रस्त की नुसताच मजूर. २०२४ च्या अखेरीस जगात असे ८ कोटी ३४ लाख लोक होते. मणिपुरात ३ मे २०२३ पासून सुमारे साठ हजार लोकांची घरं सुटली आणि त्यातले कितीतरी जण वर्षं उलटली तरी छावण्यांतच राहिले. १९९० मध्ये जम्मूत आलेल्या काश्मिरी पंडितांपैकी काहींना पक्की घरं मिळायला २०११ उजाडलं. १९९७ मध्ये मिझोराममधून निघालेल्या ब्रू लोकांचा करार व्हायला २०२० साल आलं. आपल्याच नरखेड तालुक्यातलं मोवाड घ्या. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीने २०४ माणसं नेली आणि गाव दुसऱ्या जागी वसवावं लागलं. हे सांगते ते एवढ्यासाठी की ‘तीन दिवसांचाच तर प्रश्न आहे’ या बोलीवर कडी बसवायचं टाळू नका. तीन दिवसांची छावणी किती वेळा तीन आठवड्यांची होते हे मी पाहिलं आहे, आणि आठव्या दिवशी मुख्याध्यापक शाळा मागायला येतात, त्यांचंही चूक नसतं.

जुन्या कपड्यांबद्दल तुम्ही अभिमानाने लिहिलं आहे, म्हणून जरा जपून सांगते: पुढच्या वेळी घेऊ नका. तुमच्या नऊ खोल्यांपैकी एक खोली त्या ढिगाने अडवली होती ना? म्हणजे बारा माणसांची जागा गेली. घ्यायचेच तर नवे टॉवेल, आतले कपडे, गाऊन आणि लहान मुलांचे. जुने सूट-सफारी कोणी घालत नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी, मे महिन्यात, शाळेला सुट्ट्या असताना एक दुपार काढा. सोबत वस्तीतल्या दोन बायका घ्या, त्यातली एक पन्नाशीच्या पुढची असू द्या. तिला जे दिसतं ते तुम्हा-आम्हाला दिसत नाही. टेप घेऊन खोल्या मोजा आणि प्रत्येकीच्या चौकटीवर खडूने आकडा लिहा: १२. बाकं कुठे रचायची ते ठरवा. गुडघे गेलेल्यांसाठी तळमजल्याची कोणती खोली, रॅम्प नसेल तर फळी कुठून आणायची. संडासाच्या प्रत्येक दाराची कडी आतून लावून बघा, आणि ‘स्टाफ’ लिहिलेल्या दारांची किल्ली कोणाकडे असते ते विचारा. बहुधा शिपाईकाकांकडे असते. ते राहतात कुठे, नाल्याच्या अलीकडे की पलीकडे, तेही त्याच वेळी विचारून घ्या.